ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम: अलीकडची ध्वनिमुद्रणं (आणि मागून ऐकू येणारे किडे)

एकतारी
शनिवार, रात्री ११:४२

आधीच सांगून टाकते, या धाग्यातला बँजो म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली बेंजो पार्टी नव्हे. गेल्या डिसेंबरात पुण्यात होते तेव्हा एका दुकानात बँजोच्या तारा मागितल्या. काकांनी टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुलतरंग पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "तारा कशाला, नवाच घेऊन जा." त्यांचं काही चुकलं नाही, आपल्याकडे बेंजो म्हणजे तेच. मी म्हणतेय तो अमेरिकेतला. गोल कड्यावर ताणलेलं कातडं (हल्ली बहुधा प्लास्टिक), लांब दांडी, चार पूर्ण तारा, आणि पाचवी आखूड तार दांडीच्या मध्यावरूनच निघालेली. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी हे वाद्य घडवलं, सुरुवातीला भोपळ्याचं.

मी नॉर्थ कॅरोलायनात डरमला राहते. चार वर्षं फिडल शिकतेय. फिडल म्हणजे व्हायोलिनच. फरक विचारला तर इथले लोक सांगतात की व्हायोलिनवर कुणी बिअर सांडत नाही.

ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेतलं बँजो-फिडलचं संगीत. गेल्या दोनेक वर्षांत त्याची जी नवी ध्वनिमुद्रणं आली त्यावर बोलावं म्हणून हा धागा. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं म्हणजे रिअ‍ॅनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचं 'व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो', एप्रिल २०२५ मध्ये आलेलं. माणसं दोनच. तिचा बँजो, त्याचं फिडल, मधूनमधून दोघांचे गळे. नॉर्थ कॅरोलायनातल्या अठरा चिजा. स्टुडिओ नाहीच. मेबन गावी जो थॉम्पसन यांचं घर, मॉर्गनटनला गिटारवादक एटा बेकर यांचं घर, आणि मिल प्राँग हाऊस नावाचा जुना मळा, जिथे एके काळी गुलाम राबत होते. तिथे उघड्यावर बसून वाजवलंय. पाखरं ऐकू येतात. सिकाडा (झाडांवर किर्र करणारे किडे) तर एवढे की पहिल्यांदा मला गाडीचा पट्टा सैल झालाय असं वाटलं. २०२४ च्या वसंतात तेरा वर्षांनी आणि सतरा वर्षांनी जमिनीतून वर येणाऱ्या सिकाडांच्या दोन पिढ्या एकाच वेळी निघाल्या होत्या. असं याआधी १८०३ साली झालं होतं. त्यांना थांबवणार कोण? मग घेतलं त्यांनाही.

जो थॉम्पसन (१९१८-२०१२) कोण, ते माहीत नसेल तर हा अल्बम अर्धाच ऐकल्यासारखा होतो. कृष्णवर्णीय फिडलवादकांच्या घरंदाज परंपरेतले ते जवळजवळ शेवटचे. तरुणपणी चुलतभाऊ ओडेल बँजोवर आणि हे फिडलवर, अशी जोडी गावच्या नाचांना वाजवायची. २००५ साली बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेली तीन तरुण मुलं, गिडन्स, रॉबिन्सन आणि डॉम फ्लेमन्स, पुढे दर गुरुवारी रात्री मेबनला त्यांच्या घरी जाऊन बसू लागली. नोटेशन नाही, शिकवणी नाही. म्हातारा वाजवणार, पोरांनी धरायचं. त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा गट उभा राहिला आणि २०११ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. आता वीस वर्षांनी त्यातले दोघं त्याच घरी परत जाऊन बसलेत. मेबन माझ्याकडून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. मी रोज ऑफिसला जाताना तो फाटा ओलांडते आणि मला हे काहीच माहीत नव्हतं, याची लाज वाटते.

दुसऱ्या टोकाला बिली स्ट्रिंग्ज. या माणसाचे कार्यक्रम आता बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये होतात. २०२४ चं 'हायवे प्रेयर्स' बिलबोर्डच्या अल्बमविक्रीच्या यादीत पहिलं आलं. ब्लूग्रासच्या बाबतीत हे म्हणजे नाट्यसंगीताच्या तबकडीनं हिंदी सिनेमाला मागे टाकण्यासारखं. वीस गाणी, चकचकीत काम. मला मात्र त्याचं ब्रायन सटनबरोबरचं 'लाइव्ह अ‍ॅट द लीजन' जास्त आवडलं. नॅशव्हिलमध्ये निवृत्त सैनिकांचा एक क्लब आहे, तिथे एप्रिल २०२४ मध्ये दोन गिटारी घेऊन दोघे बसले, बस्स. ढोल नाही, ताशा नाही, लोकांची हुंकारं मात्र आहेत.

आता मला छळणारा प्रश्न. या सगळ्यांत 'नवीन' नेमकं काय? चिजा जुन्या, वाद्यं जुनी, चाली आजोबांच्या. मग पुन्हा का मुद्रित करायचं?

साडेसातची_लोकल
रविवार, सकाळी ७:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). अवांतर: बुलबुलतरंगाचा किस्सा वाचून लोकलमध्ये एकटाच हसलो, शेजारच्यानं जागा बदलली.

ढोलकीबहाद्दर
रविवार, सकाळी ९:३०

एकतारीताई, लेख मस्त. पण शीर्षकात 'ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम' आहे. दोन्ही एकच ना? मला तर दोन्हीकडे तीच टोपी, तीच दाढी दिसते.

एकतारी
रविवार, सकाळी १०:१५

दाढी तीच. पण एकाच्या जॅममध्ये (सगळ्यांनी जमून वाजवायच्या बैठकीत) जाऊन दुसऱ्यासारखं वाजवलंत तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त खुर्ची थोडी पलीकडे सरकवतात. अनुभव आहे.

ओल्ड-टाइम हे मुळात नाचाचं संगीत. फिडल चाल धरतं आणि बँजो तीच चाल बरोबर घेऊन चालतो. एकल वादन नाहीच. चालीचे दोन भाग असतात, आपल्या अस्ताई-अंतऱ्यासारखे. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, पुन्हा पहिल्यापासून. असं दहा मिनिटंही चालतं. थांबायचं कसं? फिडलवाला एक पाय वर उचलतो. म्हणजे ही शेवटची फेरी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं काकांच्या पायात गोळा आला.

ब्लूग्रास त्यामानानं कालचं पोर. केंटकीचा बिल मन्रो, त्याच्या गटाचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरून संगीताचं नाव पडलं. डिसेंबर १९४५ मध्ये त्याच्याकडे अर्ल स्क्रग्ज नावाचा विशी ओलांडलेला बँजोवाला आला आणि सगळं चित्र पालटलं. इथे एकेका वाद्याला आळीपाळीनं पुढे यायचं असतं, बाकीच्यांनी साथीला राहायचं. लय चढी, गळे वरच्या पट्टीत. ते रंगमंचाचं आणि रेडिओचं संगीत, हे ओसरीवरचं.

बँजोचा हातही वेगळा. ओल्ड-टाइममध्ये बोटाचं नख तारेवर वरून खाली आपटायचं आणि अंगठ्यानं ती आखूड पाचवी तार छेडत राहायची. स्क्रग्जच्या पद्धतीत अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून तारा उचलायच्या.

ढोलकीबहाद्दर
रविवार, सकाळी ११:०२

समजलं. मग यूट्यूबवर स्क्रग्जचा हात अर्ध्या वेगावर ऐकला. ताई, हा तर सरळ केरवा आहे हो! आठ मात्रा, पण तीन बोटांमुळे वजन ३+३+२ असं पडतंय. म्हणून कान सारखा 'सम चुकली, सम चुकली' म्हणत राहतो आणि ती चुकत मात्र नाही. आमच्याकडे फडावर असा ढोलकीवाला असता तर त्याला दौलतजादा मिळाली असती.

कट्टर_किराणा
रविवार, दुपारी १:२०

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, राग मानू नये. गिडन्सबाईंच्या पाच चिजा ऐकल्या. एकच ओळ बारा वेळा. बढत नाही, विस्तार नाही, आलाप तर सोडाच. शिवाय पाठीमागे किडे. आमच्याकडे रेकॉर्डिंगला पंखा चालू राहिला तर वादक उठून जातो. ब्लूग्रासमध्ये निदान तयारी तरी दिसते. हे म्हणजे आरतीला जमलेली मंडळी.

एकतारी
रविवार, दुपारी २:४५

राग कसला. पहिलं वर्षभर मलाही असंच वाटायचं. आठ वर्षं हिंदुस्तानी व्हायोलिन शिकून इथे आले होते, त्यामुळे दुसऱ्या फेरीला हात आपोआप काहीतरी वेगळं करायला जायचा. शिकवणारे आजोबा एकदाच म्हणाले, "चाल बदलू नकोस, गज बदल." डावा हात जवळपास तोच राहतो, उजव्या हातात सगळी करामत. कुठे दाब, कुठे गज उलटा फिरवायचा, कुठे दोन तारा एकत्र घासायच्या. बारा फेऱ्यांत बारा वेळा ते बदलत असतं. आपण सुरांच्या मागे कान लावून बसतो आणि गोष्ट चाललेली असते गजात.

तुम्हाला एक गोष्ट नक्की आवडेल, म्हणून खास तुमच्यासाठी. ए सुरातल्या चिजांसाठी फिडलच्या खालच्या दोन तारा एकेक सूर चढवतात. म्हणजे जी-डी-ए-ई च्या जागी ए-ई-ए-ई. आपल्या भाषेत सा-प-सा-प. मग एक तार वाजवली की दुसरी आपोआप गुणगुणते. तानपुरा वाद्यातच बसवल्यासारखा. बँजोची पाचवी तारही तेच करते, सतारीच्या चिकारीसारखी सतत वर वाजत राहते. आणि या तारा चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो म्हणून जॅममध्ये एकदा ए लावला की तास-दीड तास ए च. दुसऱ्या सुरातली चीज कुणी सुचवली तर सगळे त्याच्याकडे असे बघतात, जसं मैफलीत कुणी यमन चालू असताना भैरवीची फर्माईश करावी.

कट्टर_किराणा
रविवार, दुपारी ३:१०

सा-प-सा-प? हे आधी सांगायचं होतं. पुन्हा ऐकतो. किड्यांबद्दलचं मत कायम.

शिकागोचा_शेजारी
रविवार, संध्याकाळी ६:५५

किड्यांवरून एक दुरुस्ती. मी इलिनॉयमध्ये राहतो, त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात फावड्यानं सिकाडा गोळा करत होतो. सतरा वर्षांवाली पिढी आमच्याकडची, उत्तर इलिनॉय आणि आसपासची. तुमच्या नॉर्थ कॅरोलायनात निघाली ती तेरा वर्षांवाली. दोन्ही एकाच वर्षी आल्या हे बरोबर (१३ गुणिले १७ म्हणजे २२१, आणि १८०३ + २२१ = २०२४), पण मेबनच्या ओसरीवर दोन्ही एकत्र ऐकू येणं अवघड आहे. अल्बमच्या जाहिरातीत ते जरा रंगवून लिहिलंय.

एकतारी
रविवार, संध्याकाळी ७:२०

अरे देवा, मी ते जाहिरातीवरूनच उचललं होतं. दुरुस्ती मान्य. म्हणजे तेरा वर्षांवाले.

घुमटाचो_घोष
रविवार, रात्री ९:४०

गोव्याहून लिहितोय. कातड्यावरून आठवलं. आमच्या घुमटाला (मातीच्या भांड्याचं वाद्य) पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्यानं बंदी आली म्हणून आता बकऱ्याचं लावतात. जुने वादक अजून म्हणतात, तो नाद गेला. बँजोचंही असंच काही आहे का? आणि पावसाळ्यात काय करतात? आमचं घुमट तर जून महिन्यात पापडासारखं नरम पडतं.

शेजारी एक म्हातारे अंकल आहेत, लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्तकडून (संगीतशिक्षकाकडून) व्हायोलिन शिकलेले. मांडोच्या (आमच्या जुन्या कोंकणी गाण्यांच्या) साथीला अजून वाजवतात. त्यांना फोनवर तो अल्बम ऐकवला. गज कुठे धरलाय ते लगेच ओळखलं. म्हणाले, हा माणूस नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवतोय.

एकतारी
सोमवार, सकाळी ६:३०

अंकलना साष्टांग नमस्कार. एका वाक्यात सगळं सांगितलं त्यांनी.

हो, बँजोचंही तसंच. डोंगराळ भागात पूर्वी ग्राउंडहॉग नावाच्या घुशीएवढ्या नव्हे, चांगल्या मांजराएवढ्या प्राण्याचं कातडं लावायचे. दमट हवेत ते सैल पडून आवाज बसायचा, म्हणून शेकोटीशी धरून तापवायचे. प्लास्टिक आल्यावर ती कटकट मिटली आणि तो जाडसर, बसका आवाजही गेला. आता काही वादक मुद्दाम कातड्याकडे परत वळलेत. ब्रुकलिनची नोरा ब्राऊन ऐका. शाळकरी वयात केंटकीच्या ली सेक्स्टनसारख्या म्हाताऱ्या वादकांकडे जाऊन शिकलेली मुलगी. 'लाँग टाइम टू बी गॉन' (२०२२) तिनं ब्रुकलिनमधल्या एका चर्चमध्ये मुद्रित केलं. बँजोची तार छेडल्यावर नाद जिथवर जातो, तिथवर चर्चच्या भिंती दिसतात. शब्दशः दिसतात.

जुनीतबकडी
सोमवार, सकाळी ११:५०

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पुन्हा का मुद्रित करायचं?

कारण पहिल्यांदा मुद्रित झालं तेव्हाच गडबड झाली होती. जून १९२३ मध्ये तबकडी कंपनीचा राल्फ पीअर अटलांटाला गेला आणि फिडलिन जॉन कार्सनची तबकडी काढली. ती खपली, आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की गावाकडच्या लोकांनाही तबकड्या विकता येतात. १९२७ च्या उन्हाळ्यात पीअरनंच ब्रिस्टलला ठाण मांडलं, तिथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे गायक सापडले. पण कंपन्यांनी याद्या दोन केल्या. गोऱ्यांची 'हिलबिली', कृष्णवर्णीयांची 'रेस'. पहिलीत फिडल-बँजो, दुसरीत ब्लूज. आता एखादा काळा माणूस फिडल वाजवत असेल तर त्याला कुठल्या यादीत घालणार? बहुतेक वेळा कुठल्याच नाही. वाजवणारे हजारो होते, तबकड्या मूठभर. पन्नास वर्षांनी लोक तबकड्या ऐकून म्हणू लागले, बँजो हे गोऱ्यांचं वाद्य.

आपल्याकडे उलट्या दिशेनं हेच झालं. १९०२ मध्ये ग्रामोफोन आला तेव्हा मोठमोठे उस्ताद भोंग्यासमोर गायला तयार नव्हते. गौहरजानसारख्या बायका पुढे आल्या, म्हणून आज त्यांचा आवाज आपल्याकडे आहे आणि कित्येक उस्तादांच्या फक्त दंतकथा आहेत.

शिवाय तीन मिनिटांचा फास. ७८ च्या तबकडीवर तेवढंच मावायचं. रात्रभर चालणारा नाचही तीन मिनिटांत, आणि केसरबाईंचा रागही तीन मिनिटांत.

ढोलकीबहाद्दर
सोमवार, दुपारी १२:१५

दंडवत स्वीकारा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) तुम्हालाच दिल्या पाहिजेत, वेगळा धागा काढा.

एकतारी
सोमवार, रात्री ९:३०

जुनीतबकडी, हेच. मला शब्द सापडत नव्हते. थॉम्पसन यांच्या घरी जाऊन वाजवणं हे मला आधी भाबडं वाटलं होतं, आपण गुरूच्या समाधीवर हजेरी लावतो तसं. आता वाटतं, ते त्या याद्यांतून राहून गेलेल्या माणसाचा पत्ता लिहून ठेवणं आहे. किडे म्हणजे त्या पत्त्यावरचा पिनकोड.

याच्या बरोबर उलट प्रकारचं एक सांगते. बँजोवादक टोनी ट्रिश्काचं 'अर्ल जॅम' (२०२४). अर्ल स्क्रग्ज म्हातारपणी घरी मित्रांबरोबर वाजवत बसायचे, जॉन हार्टफर्ड सोबतीला. ती ध्वनिमुद्रणं, दोनशेहून जास्त चिजा, करोनाकाळात एका पेनड्राइव्हवरून ट्रिश्काच्या हाती लागली. त्यानं स्क्रग्जचं वादन सुरासुरानिशी उतरवून काढलं आणि बिली स्ट्रिंग्ज, मॉली टटल, सॅम बुश अशांना घेऊन नव्यानं वाजवलं. काम अफाट आहे. ट्रिश्का स्वतः सत्तरीच्या पुढचा, तरी विद्यार्थ्यासारखा बसलाय. पण मला ऐकताना सारखं वाटत राहिलं, की तो पेनड्राइव्हच ऐकायला द्या ना. खुर्ची करकरलेली, हार्टफर्ड मध्येच हसलेला, असं काहीतरी असणारच त्यात. इथे खोली पुसून टाकलीय.

साडेसातची_लोकल
सोमवार, रात्री १०:०५

असहमत. नुसतं घरगुती मुद्रण कोण ऐकणार? शंभर वेडे. ट्रिश्कामुळे माझ्यासारख्यालाही कळलं. प्रत्येक वेळी धूळ हवीच असं नाही.

एकतारी
सोमवार, रात्री १०:४०

त्या शंभरात मी आहे, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरा. गायिका अ‍ॅलिसन क्राउस चौदा वर्षांनी युनियन स्टेशन या आपल्या गटाबरोबर परतली ('आर्केडिया', मार्च २०२५), त्यात धुळीचा कणही नाही आणि तरी मी तीनदा रडले. तेव्हा नियम वगैरे काही नाही.

ढोलकीबहाद्दर
मंगळवार, सकाळी ८:२०

झाकीरभाईंचा उल्लेख अजून कुणीच कसा केला नाही? बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा बेस, झाकीरभाई आणि राकेश चौरसियांची बासरी, 'अ‍ॅज वी स्पीक' (२०२३). २०२४ मध्ये दोन ग्रॅमी. हा तोच फ्लेक, ज्याला त्याआधी दोन वर्षांपूर्वी ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं होतं. बँजोचा सूर लगेच विझतो, तबल्याच्या चाटीचाही तसाच. म्हणून ते दोघं एकमेकांना कुठेच झाकत नाहीत. झाकीरभाई गेल्यावर, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, मी आठवडाभर दुसरं काही लावलं नव्हतं.

घुमटाचो_घोष
मंगळवार, सकाळी ९:००

+१. बासरी येते तिथे बँजो गप्प कसा बसतो, ते ऐका.

शिकागोचा_शेजारी
मंगळवार, सकाळी ९:४५

यांतलं जे विकत मिळतं ते शक्यतो बँडकॅम्पवर (संगीत विकत घ्यायची वेबसाइट) किंवा थेट कलाकाराकडून घ्या, स्ट्रीमिंगवर त्यांच्या हाती चिल्लरच पडते. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या बऱ्याच वादकांची घरं-वाद्यं वाहून गेली, हे एकतारींना जास्त माहीत असेल.

एकतारी
मंगळवार, दुपारी १२:३०

हो. आमच्या जॅममधल्या एका बाईंचं अ‍ॅशव्हिलकडचं तळघर पाण्याखाली गेलं. तीस वर्षांच्या कॅसेट्स. कोण कुठे वाजवत होतं ते वर पेननं लिहिलेलं होतं, फक्त तेवढंच वाचता येतं आता.

कट्टर_किराणा
मंगळवार, रात्री ११:५८

शब्द दिला होता म्हणून पुन्हा ऐकलं. हेडफोन लावून, दिवे मालवून. किडे हा तानपुरा आहे असं धरून ऐकलं तर बसतं. चौथ्या फेरीला गज जरा हलका झाला ते मला कळलं, आणि कळलं याचा आनंद झाला. स्पीकरवर लावल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, एसी बिघडलाय का.

मुलाचं शाळेतलं व्हायोलिन माळ्यावर पडून होतं, तेही काढलं. सांगितल्याप्रमाणे खालच्या दोन तारा चढवल्या. पहिली चढली, दुसरी तुटली. पुण्यातल्या त्या दुकानाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

एकतारी
बुधवार, सकाळी ६:१५

केलाय. पण येताना बटणंवालं घेऊन येऊ नका.